खिम्याचं मीठ

आज रात्री घरचे सगळे एकत्र जेवणार होते, म्हणून खिमा-पाव केला. खिम्याला रस्सा अंगाबरोबरच ठेवला, म्हणजे पावात भरला तरी पाव भिजून फाटत नाही. चमच्यावर फुंकर मारून मी चव घेतली. बाजूला लसूण सोलत बसलेली आई लगेच म्हणाली, "मीठ कमी आहे."

खरंच कमी होतं. आईने जन्मात मटण खाल्लेलं नाही. बाबांसाठी मात्र दर रविवारी खिमा तीच करायची.

"न चाखता कसं गं कळतं तुला?"

"तुझ्या तोंडावर दिसलं की! तुझे बाबा तरी कुठे काही बोलायचे? त्यांनी पहिला घास घेतला की मी बघून घ्यायचे."

आम्ही आपले आईच्या हाताची चव म्हणत राहिलो. ती तिच्या डोळ्यांत होती.

सगळ्यांच्या ताटात भरलेले पाव वाढले. माझा पाव हातातच राहिला, कारण मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. आईने दहीभात कालवता कालवता सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि मला म्हणाली, "जेव आता. छान झालाय खिमा."