कोपरा फाडलेलं कार्ड

यशवंत वारल्याचं कार्ड आलं तेव्हा मी हसलो. नुसता हसलो नाही, कचेरीतल्या तिघांना ते वाचून दाखवलं आणि त्याच दुपारी उत्तर टाकलं : ‘बातमी वाचून अत्यानंद झाला. तेराव्याला जातीने हजर राहीन. जिलेबी मी आणतो. गिटार माझ्या नावे करून ठेवणे, म्हणजे निदान तिला तरी सद्गती मिळेल.’ खाली झोकदार सही. पोस्टकार्डच ते, उघडं... सांगलीपासून मेढ्यापर्यंत ज्याच्या हाताखालून गेलं असेल त्यानं वाचलं असेल.

आज या गोष्टीला सहा आठवडे झाले. अजून टपालपेटी दिसली की मी रस्ता बदलतो.

यशवंत माझा दोस्त. मेढ्याच्या वर डोंगरात त्याचं गाव. पंधरा वर्षं फौजेत बिनतारी संदेशाचं काम करून पेन्शनीवर आला होता, भात आणि नाचणी करत होता. वय चाळीसच्या आत. आणि त्याच्याकडे एक स्पॅनिश गिटार होती. शिलाँगला पोस्टिंग असताना तिथल्या एका बेकरीवाल्याकडून घेतलेली, आणि वाजवायलाही त्याच्याकडूनच शिकलेला. पावाची भट्टी थंड झाली की दोघं पिठाच्या पोत्यांवर बसत, असं तो सांगायचा. मी सांगलीत पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नकाशे गिरवतो आणि फावल्या वेळात हवाईयन गिटार वाजवतो. म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी कांडी फिरवून. वाजवतो असं माझं म्हणणं आहे.

आमची गाठ पडली ती माझ्या फजितीतून. साताऱ्याला एका गणेशोत्सवात माझा कार्यक्रम होता. अॅम्प्लिफायर घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून मी घरचा रेडिओच नेला होता. त्याच्या मागच्या ग्रामोफोनच्या भोकात गिटारची वायर खुपसायची, की झाला अॅम्प्लिफायर. पहिलं गाणं झकास झालं. दुसऱ्या गाण्याच्या ऐन अंतऱ्यात माझा गुडघा रेडिओच्या बटणाला लागला आणि माझे सूर गडप होऊन त्यातून खणखणीत आवाजात बाजारभाव सुरू झाले. कांदा, गूळ, हळद. मला काही सुचेना, मी वरून कांडी फिरवतोच आहे. लोक हसून हसून आडवे झाले. पहिल्या रांगेत एक मिशीवाला फौजी गडी बसला होता. तो उठून उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, “आवं, तेवढा गुळाचा भाव पुन्यांदा वाजवा की. लय सुरात हुता.”

तो यशवंत. त्याच रात्री त्यानं माझी गिटार हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “गड्या, पोरगी हाय व्हय ही, मांडीवर निजवून थोपटायला?” मी चिडलो. मग पुढची पाच वर्षं आम्ही भांडलो. स्पॅनिश की हवाईयन. मी कलकत्त्याच्या एका हवाईयन वाजवणाऱ्याचा भक्त. त्याच्या तबकड्या घासून घासून मी पांढऱ्या करायच्या बाकी ठेवल्या होत्या. यशवंत म्हणे, तो वाजवतो बरा, पण सारखा रडतो, एखाद्या दिवशी जेवल्यावर वाजवत जा म्हणावं. त्याला आवडे तो बेकरीवाला, ज्याचं नाव शिलाँगबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. मी म्हणे, ज्याची तबकडी नाही तो वादक नाही. यशवंत म्हणे, “तुजी बी न्हाई.”

सामानाचीही हीच तऱ्हा. मी मुंबईहून नखी मागवायचो, प्लॅस्टिकची, डबीतली. तो म्हशीचं शिंग कानशीनं घासून नखी करायचा, आणि कबूल करायला आजही जिवावर येतं, पण तिचा आवाज माझ्या नखीपेक्षा गोल यायचा. पट्टी वर चढवायला माझ्याकडे स्क्रूचा चिमटा, त्याच्याकडे पेन्सिल आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा. मी साहित्य जमवत राहिलो. तो वाजवत राहिला... हे आता कळतं.

एकदा मी हट्टानं त्याची गिटार महिनाभर सांगलीला आणली. स्पॅनिश शिकून त्याला चकित करणार होतो. तिच्या नायलॉनच्या तारा मला मऊ वाटल्या. मिरज जवळ, तंबोऱ्याच्या तारांना तोटा नाही. मी अस्सल पोलादी तारा आणून चढवल्या आणि पिळल्या. स्वर काय सुंदर लागला! चहा ओतून घ्यायला वळलो, तोच खाडकन आवाज झाला. तारांनी गिटारची घोडी, म्हणजे तारा जिला बांधतात ते लाकूड, मुळासकट उपटली होती, आणि ती कपबशीवर येऊन पडली होती. मिरजेचे म्हातारे कारागीर तिच्याकडे बघून म्हणाले, “भोपळा न्हाई, काय न्हाई, आणि ह्या खोक्याला माझ्या तारा? आरं, बैलगाडीला इंजिन लावलंस की तू.” सरस लावून त्यांनी ती जोडून दिली. पण यशवंताला सांगायचं कसं? तोंडावर सांगायची छाती नव्हती. म्हणून मी कार्ड लिहिलं, वरचा कोपरा फाडला, दुःखाच्या बातमीचा फाडतात तसा, आणि मजकूर घातला : ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या गिटारची घोडी काल दुपारी चार वाजता अल्पशा आजाराने...’

उलट टपाली त्याचं कार्ड आलं. कोपरा फाडलेलं. ‘सुतक किती दिवस धरायचे ते कळवावे.’

तिथून हा चाळाच लागला. तार तुटली की कार्ड. नखी हरवली की कार्ड. त्याच्या घरी मात्र सुभद्रावहिनींना हे बिलकुल खपत नसे. एकदा मी गेलो असताना त्या दारातूनच म्हणाल्या, “भावजी, तुमचा खेळ तुमच्यापाशी. कोपरा फाटल्यालं कार्ड दारात आलं की माझं हातपाय गळत्यात. एक दिवस खरं ईल.” आम्ही दोघं हसलो. शेवटी शेवटी तर मी कळसच केला. माझ्या वाजवण्याला श्रोत्यांनी शिट्ट्या मारल्या, म्हणून मी माझ्याच निधनाचं कार्ड त्याला धाडलं. त्यामुळे पुढचं कार्ड आलं, ‘आमचे बंधू यशवंत यांस देवाज्ञा झाली, तेरावा अमुक तारखेस,’ तेव्हा मला वाटलं, पठ्ठ्यानं फेड केली. अक्षर त्याचं नव्हतं. मी म्हटलं, भावाकडून लिहून घेतलं, काय डोकं आहे!

तेराव्याच्या दिवशी साताऱ्यात उतरून अर्धा किलो जिलेबी घेतली आणि मेढ्याची गाडी धरली. गावात पोचलो तर त्याच्या घरासमोर मांडव. पंगत बसलेली, माणसं खाली मान घालून जेवताहेत. आणि मी, देवाशपथ सांगतो, तेव्हासुद्धा मनात म्हणालो, वा रे गड्या, तयारी तर जोरात केलीस! अंगणातून हाक मारली, “मेलेल्या, बाहेर ये!”

घरातून त्याचा धाकटा भाऊ मारुती बाहेर आला. डोकं तुळतुळीत भादरलेलं.

पंगतीतले हात थांबले. माझ्या हातातल्या पुडक्यातून पाक गळत होता, तो मनगटावरून कोपरापर्यंत आला. तेवढंच मला कळत होतं. मारुती म्हणाला, “दिनकरराव, तुमचं कार्ड पोचलं. पोस्टमननं दारात मोठ्यानं वाचलं. माणसं बसली हुती समदी.” यशवंत शेतावरून येऊन भिंतीला टेकून बसला, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत संपलं सारं, असं त्यानं सांगितलं. मी विचारलं, वहिनी? तो म्हणाला, “ऐकलं तिनं. काय बोलली न्हाई. तवापासनं कुणाशीच बोलली न्हाई.”

पंगतीतल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या हातातून पुडकं घेतलं. “आणलीया तर वाढा,” म्हणाला. मला पाटावर बसवलं. एक घास गेला नाही.

परत निघायला हवं होतं. पण त्या बाईला तोंड न दाखवता गाडीत बसलो असतो, तर जन्मभर त्या गाडीतून उतरलो नसतो. मी ओसरीवर बसून राहिलो. दिवस कलला, माणसं पांगली. वहिनी आतून आल्या. हातात यशवंताची गिटार. मी उठलो, काहीतरी पुटपुटलो... माफी मागत होतो की काय, मला आठवत नाही. त्यांनी गिटार माझ्या पुढ्यात धरली आणि गोठ्याकडे चालू लागल्या. मी मागोमाग.

गोठ्यात एकच म्हैस होती. बाहेर बसलेल्या मारुतीनं तिथूनच सांगितलं, “दादा रोज तिन्हीसांजचं हितं बसून तारा लावायचा. आमच्या म्हाताऱ्या बापाला घरात त्यो आवाज खपत नव्हता. म्हशीला सवय लागली. तारा लागल्याबिगार पान्हाच सोडत न्हाई. तेरा दिस झालं, उगं शेरभर बी मिळंना. आटंल आता.” पाच वर्षांत यशवंतानं मला हे सांगितलं नव्हतं. का सांगेल? मी त्याची कशी टिंगल केली असती ते त्याला ठाऊक होतं.

खांबापाशी एक बसायचं पोतं होतं, माणसाच्या बसण्यानं मधोमध दबलेलं. मी त्यावर बसलो. खिशातून स्वर लावायची विलायती फुंकणी काढली. एकेक तार काटेकोर लावली. मग मला येतं ते सगळं वाजवलं. हळू वाजवलं, जोरात वाजवलं, त्याच्या शिंगाच्या नखीनं वाजवलं. वहिनी चरवी गुडघ्यात धरून म्हशीपाशी बसल्या होत्या. म्हशीनं एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग पाय झाडला आणि चरवी उलटी केली.

वहिनींनी चरवी सरळ केली, पदरानं तोंड पुसलं, आणि त्या कार्डानंतर पहिल्यांदा बोलल्या.

“भावजी, म्हस आटली तर आटू द्या. पर तिला असलं ऐकवू नगा.”