मंडळ आलं, भट्टी बंद

आमच्या धोंडिबाइतका चपळ भट्टीवाला अख्ख्या अंबरनाथ एमआयडीसीत शोधून सापडणार नाही. भंगारातलं अॅल्युमिनियम वितळवण्यात नव्हे हो, भट्टी बंद करण्यात! गेटवरून "मंडळ आलं!" अशी आरोळी आली, की प्रदूषण मंडळाचा माणूस जीपमधून उतरेपर्यंत पंखा बंद, भट्टी गप्प आणि हा बाकड्यावर तंबाखू मळत बसलेला. विचारलं तर उत्तर तयार, "आज बंदच हाय साहेब, सकाळपासना." मी शेजारी साचे भरायचो, मला हसू आवरायचं नाही. हसायचो खरा, पण तो काळा धूर आम्हीच गिळत होतो.

शेवटी मंडळाने कारखाना बंद करायला लावलाच. आमच्या मालकाने, कमलेश सेठने, आधी पोटभर शिव्या दिल्या, मग कोळशाची भट्टी मोडून गॅसची बसवली, धूर गाळणारं यंत्रही आणलं. "अब भी परवानगी नहीं मिली, तो मैं चला गुजरात," त्याने बजावलं. धोंडिबाची झोप उडाली. जवळच्याच चामटोली गावचा, पन्नाशी उलटलेला माणूस. तो गुजरातला कुठे जाणार आणि इथे या वयात त्याला नवं काम कोण देणार?

तपासणीला मंडळाच्या मीनल मॅडम येणार होत्या. चालू भट्टीच्या चिमणीतला धूर मोजायचा, तो ठीक निघाला तर परवानगी. धोंडिबा केसांना तेल चोपडून, इस्त्रीचा सदरा घालून आला. सकाळीच भट्टी पेटवून उभा राहिला. जीप गेटातून आत शिरली आणि या पठ्ठ्याचा हात सवयीने थेट गॅसच्या कॉकवर गेला! गॅस बंद, पंखा बंद. मॅडम आत आल्या तेव्हा स्वारी बाकड्यावर.

"आज बंदच हाय मॅडम, सकाळपासना."

सेठने कपाळावर हात मारला.

"मग मी मोजू काय?" मॅडम म्हणाल्या. "पुढची तारीख घ्या." आणि त्या वळल्या.

धोंडिबा धावत त्यांना आडवा गेला. "खोटं बोललो मॅडम! आत्ताच बंद केली. जवळ येऊन बगा, कशी तापलीय ती. इतकी वर्सं तुमची गाडी दिसली का हेच करीत आलो. आता लपवायचं काय नाय, पन हाताला कुठं म्हाईत!"

मॅडमनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. खुर्ची ओढून त्या बसल्या. "पेटवा. थांबते मी."

पेटवताना त्याने दोनदा मॅडमकडे वळून पाहिलं. साहेबांसमोर त्याने भट्टी कधी पेटवलीच नव्हती! मॅडमची माणसं चिमणीवर चढली, नळी घातली. बऱ्याच वेळाने नळीतला गाळणकागद खाली आला, तो जवळजवळ पांढरा, म्हणजे परवानगी पक्की. मला तर नाचावंसं वाटलं.

निघताना सेठ हात जोडून म्हणाला, "मॅडम, अगली बार जरा फोन करके आना."

मागून धोंडिबा ओरडला, "फोन कशाला? न सांगता या!"