रामधनची जीप आणि लडाखची हवा

पुसदजवळच्या तांड्यावरचे आमचे रामधन राठोड जन्मभर जीप चालवत आले आणि त्यांच्या मते जीपमध्ये आजवर एकही दोष निघालेला नाही. दोष रस्त्यात असतो, डिझेलमध्ये असतो, नाहीतर प्रवाशांत.

त्यांचा मुलगा प्रेम फौजेत आहे. त्याची तुकडी लेहहून सीमेवर जाणार, म्हणून आईबाप जीप घेऊनच भेटायला निघाले. तुकडी निघायची ती संध्याकाळ आली, तेव्हा जीप शेवटच्या घाटात काळा धूर ओकत बैलगाडीच्या चालीने चालली होती. रामधननी बसल्या जागी निदान केलं.

"हवाच पातळ हाये इथली. वजन कमी करा लागते. उतर तू."

बायको रुपीबाई उतरल्या, धापा टाकत चालल्या आणि जीपच्या पुढे गेल्या.

"अहो, येता का? का पोराले सांगू, बाबा मागून येऊन राह्यले म्हणून?"

मग मात्र रामधननी बॉनेट उघडलं. एअर फिल्टरच्या तोंडाला रुपीबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घट्ट बांधलेला होता.

"हे कायले बांधलं?" मागे वळून आलेल्या रुपीबाईंनी विचारलं.

"आपल्याकडं जिनिंगच्या कारखान्यातला कापूस उडते ना. इंजिनात जाऊ नये म्हणून."

"इथं कुठं हाये जिनिंग? आधीच हवा कमी, त्यात तुम्ही नाक दाबून ठेवलं!"

फडकं सोडताच जीप घाट चढली. लेहला पोचले तेव्हा प्रेम ट्रकमध्ये चढायच्या बेतात होता. लडाखची हवा किती कुचकामी आहे आणि आपण तिच्यावर कशी मात केली, हे रामधननी त्याला सविस्तर समजावलं. रुपीबाईंनी तोवर मुलाचा हात धरून ठेवला होता.