पास्कल अंकलनी लपवलेलं हेल्मेट

पास्कल अंकलनी एकदा भर मॅचमध्ये आपल्याच टीमच्या खेळाडूचं हेल्मेट पळवलं होतं.

आणि त्यापायी नोकरी घालवली.

काल सकाळी अंकल गेले. इथेच, दोह्यातल्या अल अझीझियात, लेकीच्या घरी. नाश्त्याची वाट बघत खुर्चीत बसल्या बसल्या.

आमच्या बिल्डिंगमध्ये ते 'मेलिंडाचे पप्पा'. मेलिंडा दोह्यात नर्स आहे. तिची आई, सेलीन आंटी, तीही नर्स होती. तिला अमेरिकेत नोकरी लागली तेव्हा अंकल वसई सोडून तिच्यामागे गेले आणि तिथल्या एका प्रोफेशनल अमेरिकन फुटबॉल टीमच्या लॉन्ड्रीत लागले. पुढे खेळाडूंची हेल्मेट, पॅड, जर्सी, सगळं त्यांच्या हाताखाली आलं.

आमची ओळख लिफ्टमधली. मी आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तर म्हणाले, "नाशिकची का गं तू?"

मग लुसैलमधलं माझं ऑफिस सुटलं की आठवड्यातून एकदा तरी त्यांच्याकडे चहा. मला त्या खेळातलं शून्य कळायचं. ते ट्रेमध्ये बिस्किटं मांडून शिकवायचे. मधलं बिस्किट म्हणजे क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा, सगळा खेळ चालवणारा. बाकीची बिस्किटं त्याला वाचवायला.

शेवटच्या सीझनबद्दल मात्र त्यांनी खूप उशिरा सांगितलं.

सीझन सुरू व्हायच्या आधीच मालकाने जाहीर केलं होतं की पुढच्या वर्षी टीम दुसऱ्या शहरात जाणार. गाव चिडलं. ज्यांच्या घरात तीन-तीन पिढ्या त्या टीमच्या जर्सी घालायच्या, ती माणसं गेटबाहेर जर्सी टाकून परत जायला लागली.

स्टाफमधले एकेक जण दुसरीकडे चिकटले. शॉवरचं गरम पाणी बंद पडलं, ते कोणी दुरुस्त करेना. भिंतीवरचे फोटो उतरवून खोक्यांत भरले.

अंकल रोज पहाटे जाऊन प्रत्येक हेल्मेटचा स्क्रू न् स्क्रू तपासत राहिले. जर्सी फाटली तर नवी येत नव्हती, मग हाताने शिवायचे.

मी विचारलं, कशासाठी एवढं?

"टीम जाणार होती गं. पण खेळाडूंची डोकी तर तीच होती ना?"

नवीन शहरात कोणाकोणाला न्यायचं याची एक यादी झाली होती. त्यात अंकलचं नाव होतं. आंटींनी तिकडच्या हॉस्पिटलमध्ये अर्जसुद्धा केला होता.

मग त्या मैदानावरची शेवटची मॅच आली.

रागावलेलं सगळं गाव त्या दिवशी परत आलं. स्टेडियम गच्च भरलं. म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन आली होती. जाता जाता एकदा जिंकून दाखवा, एवढंच त्यांचं मागणं.

शेवटची काही मिनिटं उरली होती आणि टीम थोडक्यात मागे होती. तेवढ्यात त्यांचा क्वार्टरबॅक, डॅरेल, जोरात आपटला. उठला, चालत बाहेर आला, हेल्मेट काढून अंकलच्या हातात दिलं. पट्टा तुटला होता.

अंकल पट्टा बदलत असताना त्यांच्या कानाशी येऊन त्याने हळूच विचारलं, "आपण कोणाशी खेळतोय?"

अंकलना कळलं, मार डोक्याला बसलाय.

डॅरेल म्हणाला, कोणाला सांगू नकोस, आजचा दिवस जाऊ दे. डॉक्टर दुसऱ्या एका खेळाडूचा गुडघा बघण्यात अडकले होते. कोच ओरडत होता, पाठव त्याला आत.

अंकलनी हेल्मेट ट्रॉलीतल्या घामेजल्या टॉवेलांच्या ढिगाखाली खुपसलं, ती ट्रॉली ढकलत ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या बोगद्यात नेऊन ठेवली आणि मग जाऊन डॉक्टरांचा हात धरला.

डॉक्टरांनी तपासून डॅरेलला बाहेर बसवलं. बदली खेळाडू आला. टीम हरली.

सगळ्या गावासमोर कोच अंकलना नको नको ते बोलला. डॅरेलने तर त्यांच्याकडे बघितलंही नाही. आठवड्याभराने पक्की यादी लागली, त्यात अंकल नव्हते.

घरी आंटी एवढंच म्हणाल्या, "बरं केलंस. जेवून घे."

टीम गेली. अंकल त्याच शहरात एका शाळेच्या मुलांचं खेळाचं सामान सांभाळत रिटायर झाले. आंटी वारल्यावर मेलिंडाने त्यांना इकडे आणलं.

हे सांगताना त्यांच्या आवाजात शौर्य वगैरे काही नव्हतं. उलट अपराधी वाटायचं त्यांना. म्हणाले, "नोकरीचं काही नाही. पण त्या लोकांना शेवटची मॅच जिंकायची होती. ती मी हरवली."

गेल्या हिवाळ्यात डॅरेल कामानिमित्त दोह्याला आला. मेलिंडाला शोधून त्याने मेसेज केला होता. मी त्या दिवशी तिथेच होते. दारातून वाकून आत आलेला तो धिप्पाड, केस पिकलेला माणूस सोफ्याच्या अगदी कडेला बसला. म्हणाला, बरीच वर्षं मी तुझ्यावर चिडून होतो. मग माझ्याबरोबरचे, डोक्याला मार बसूनही खेळत राहिलेले दोघं-तिघं बघितले. त्यांना आता बायकोचं नाव आठवत नाही.

अंकल त्याला अडवत म्हणाले, पण ती मॅच माझ्यामुळे गेली.

डॅरेल म्हणाला,

"पास्कल, मला दोन-दोन चेंडू दिसत होते. त्यातला कुठला फेकणार होतो मी?"

आधी अंकल हसले. मग चष्मा काढून बराच वेळ डोळे पुसत बसले. डॅरेलने त्यांचा हात धरून ठेवला होता. मेलिंडा चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थांबली.

त्या दिवसानंतर "मी हरवली" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून परत ऐकलं नाही.

उद्या दुपारच्या फ्लाइटने मेलिंडा त्यांना अमेरिकेतल्या त्या शहरात घेऊन चालली आहे. दफनभूमीतली आंटींच्या शेजारची जागा अंकलनी आंटी गेल्या तेव्हाच घेऊन ठेवली होती. डॅरेलचा फोन आला होता. शवपेटीला खांदा द्यायला येतोय.

अंकल, चहासाठी आणि सगळ्यासाठी थँक्यू.

सांभाळून जा. मनापासून निरोप.