लांब डिकीची गाडी

सरकीच्या पेंडीचा वास आला की मला पिंप्राळ्यातली ती दुपार आठवते. नशिराबादहून जळगावला आमच्या पेंडीच्या दुकानावर मला आणि बायकोला रोज जावं लागे, म्हणून परवडेल अशी लांब डिकीची जुनी गाडी पाहायला गेलो होतो. पत्र्याच्या शेडखाली गाडी तापली होती. रिक्षातून नेलेली चार पोती मी डिकीत रचून पाहिली, ती नीट मावली. बायको म्हणाली, "मी एकदा बसी देखू का? मना गुडघा दुखस." गाडीवाला म्हणाला, "आबा, बसू द्या की अक्कांना." मी चार माणसांत म्हणालो, "पोत्यांनी काही कुरकुर केली का? तुले काय समजस गाडीमधलं? गप उभी ऱ्हाय." सगळे हसले. तोंडाला पदर लावून तीही हसली. मी गाडी घेतली. सीट फार खाली होती. रोज दुकानापुढे ती दाराला दोन्ही हातांनी धरून, पाठमोरी होऊन कशीबशी उतरायची. तिला जाऊन सहा महिने झाले. लोक म्हणतात, तुम्ही बायकोला गाडीतून फिरवलं, आबा. मी मान हलवतो. ती उतरेपर्यंत मी हॉर्न वाजवत बसायचो, हे अजून कोणाला सांगितलं नाही.