एक जूनची घंटा

आमच्या शाळेत सकाळची घंटा शिपाई वाजवत नसे. ज्या मुलीचा त्या दिवशी वाढदिवस असेल ती वाजवायची. कोणाचाच नसेल तर बाई स्वतः वाजवायच्या, आणि त्यांच्या हाताला असा जोर होता की बोळातल्या पेंडीच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकायचं.

बाई म्हणजे मुख्याध्यापिका. शाळा त्यांनीच काढलेली. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत, आधीच्या शाळेच्या चालकांनी मुलींचं गणित कमी करून शिवण वाढवायचं ठरवलं, तेव्हा बाईंनी ती कायमची नोकरी सोडली आणि शनिवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत मुलींची शाळा सुरू केली. सरकारी अनुदान त्यांनी कधी मागितलं नाही. "अनुदान आलं की साहेब येतात, आणि साहेब आले की त्यांना चहा करावा लागतो," असं त्या म्हणायच्या. तांबट आळीतून एक पितळी घंटा मात्र त्यांनी हौसेनं करून आणली होती. पहिल्या दिवशी वेळ झाली, अंगणात चिटपाखरू नव्हतं, तरी बाईंनी घंटा वाजवली. बऱ्याच वेळानं एक गृहस्थ आपल्या दोन मुलींना घेऊन आले. त्यातली धाकटी म्हणाली, आज माझा वाढदिवस आहे. द्यायला जवळ काहीच नव्हतं, म्हणून बाईंनी तिच्या हातात घंटेची दोरी दिली. तेव्हापासूनची ही प्रथा. शाळेच्या वर्धापनदिनी ही हकीकत आम्ही दरवर्षी ऐकायचो आणि दरवर्षी मागच्या रांगेत कोणीतरी जांभई द्यायचं.

मी जांभई देत नसे. मला ती दोरी हवी होती.

मी लोणी काळभोरची. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायला मुलीनं पुण्यात राहावं, हे वडिलांच्या मनानं घेतलं. घरात सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं, आणि आमच्याकडे वेड्यात काढलेला माणूस कधी माघार घेत नाही. शाळेच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं वसतिगृह होतं, तिथं माझी ट्रंक येऊन पडली. आम्ही सातआठ जणी होतो. बाकीच्या कोकणातल्या, एकमेकींच्या नात्यातल्या. त्या एकमेकींच्या वेण्या घालायच्या. मी माझी वेणी स्वतः घालायला शिकले, आणि ती वर्षभर वाकडी होती.

दिवस कसाही जायचा. वर्ग असायचे, कवायत असायची, बाईंची बोलणी असायची. संध्याकाळ जात नसे. पेठेतल्या मुली दप्तरं उचलून घरी गेल्या की अंगण एकदम मोठं व्हायचं. बोळापलीकडच्या घराची खिडकी आमच्या खोलीसमोरच होती. तिथं माझ्याच वर्गातली एक मुलगी राहायची. संध्याकाळी तिची आई तिला हाक मारायची, ती "आले गं" म्हणायची आणि यायची नाही, मग पुन्हा हाक. मी खिडकीशी बसून त्या हाका ऐकायची. कोणी दोनदा हाक मारावी आणि आपण मुद्दाम उत्तर देऊ नये, यातली चैन तिला कळत नव्हती. मला कळत होती. मला तिचा रागही यायचा.

वडील रविवारी यायचे. मार्केट यार्डात माल उतरवायचा, हिशेब व्हायचा, आणि परतताना टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून पेठेत गाडी वळवायची. बोळात टेम्पो उभा करायला जागा नाही, मागं सायकलींच्या घंट्या, त्यामुळे बोलणं फाटकातच.

"बरी हाय न्हवं?"

"बरी आहे."

"आहे" म्हटलं की ते जरा हसायचे. पोरगी पुण्याची झाली म्हणून हसायचे की हातची गेली म्हणून, ते मला कधी समजलं नाही. मग एक पिशवी माझ्या हातात यायची, गवार नाहीतर मेथी. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीनं जुडीभर मेथीचं काय करायचं? पण मी ती घ्यायची आणि स्वयंपाकाच्या बाईंना द्यायची. आमच्या घरात माया भाजीतूनच पोचवतात.

एकदा मला ताप आला आणि तीन-चार दिवस मी वरच पडून होते. खालून घंटा ऐकू यायची, मग प्रार्थना, मग हजेरी. बरी होऊन वर्गात गेले तर शेजारी बसणारी म्हणाली, "अगं, तू काल नव्हतीस का?" तिनं वाईट हेतूनं विचारलं नाही. तिला खरंच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "नव्हते." त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की मी या शाळेतून नाहीशी झाले तर सांगायला कोणी लागणारच नाही, कारण विचारायलाच कोणी येणार नाही. तेरा वर्षांच्या मुलीला हे फार जड होतं. आजही हलकं झालेलं नाही.

म्हणून ती घंटा. वाढदिवसाच्या मुलीनं दोरी ओढेपर्यंत अख्खी शाळा अंगणात ताटकळत उभी असायची. घंटा झाली की ती व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून रांगेतल्या आपल्या जागेपर्यंत चालत जायची, आणि ती जागेवर पोचल्याशिवाय प्रार्थना सुरू होत नसे. सगळी शाळा तिला बघायची. तिची जागा कुठली हे त्या दिवशी सगळ्यांना कळायचं. माझी जागा पाण्याच्या टाकीपाशी होती, वर्गाच्या रांगेत शेवटची. टाकी गळायची, खाली कायम ओल, म्हणून मी रांगेतून अर्धं पाऊल बाहेर उभी राहायची. कवायतीच्या बाईंनाही ते कधी दिसलं नाही.

अडचण अशी होती की माझा वाढदिवस एक जूनला होता.

म्हणजे कागदावर होता. आमच्या गावच्या गुरुजींनी शाळेत नाव घालताना ज्यांची जन्मतारीख ठाऊक नव्हती त्या सगळ्यांची एक जून लिहून टाकली. वय बरोबर बसतं, वर्ष वाया जात नाही, आणि गुरुजींचं डोकं दुखत नाही. कागदावर विश्वास ठेवायचा तर आमच्या गावात एक जूनला निम्म्या वर्गाच्या आया एकदमच बाळंत झाल्या होत्या. गावात त्याचं कोणाला काही वाटत नसे, कारण गावात वाढदिवसच करत नसत. पण या शाळेत तो दिवस भर उन्हाळ्याच्या सुट्टीत पडायचा. सुट्टीत जन्मलेल्या पेठेतल्या मुलीही होत्या. त्यांना फिकीर नव्हती, त्यांच्या घरी शिरा व्हायचा, औक्षण व्हायचं. शिवाय त्या खरोखरच त्या दिवशी जन्मल्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईला विचारलं, माझा खरा वाढदिवस कधी? ती परसात भांडी घासत होती. म्हणाली, "पोळ्याच्या आदल्या दिशी. खांदमळणी चालली हुती बैलांची. तुझं आजोबा तुपाचं हात घिऊन तसंच आलं बघायला, तर सुईनीनं दारातूनच हाकललं." आणि मग आपणच हसली. मला इतका आनंद झाला की मी तिला भांडी विसळू लागले. मला दिवस होता. माझ्या जन्माच्या वेळी कोणीतरी धावत आलं होतं.

शाळा उघडल्यावर मी धीर करून बाईंच्या खोलीत गेले. बाई उत्तरपत्रिका तपासत होत्या, मान वर केली नाही. मी सगळं सांगितलं, खांदमळणीसकट.

"पोळा यंदा ज्या तारखेला आला, त्या तारखेला पुढच्या वर्षी येईल?"

"नाही, बाई."

"मग दरवर्षी पंचांग बघून मी तुझा वाढदिवस शोधू?"

बाईंनी पुढची उत्तरपत्रिका ओढली.

"कागदावर एक जून आहे. एकीसाठी कागद सोडला की उद्या प्रत्येकीचा वाढदिवस तिला हवा तेव्हा येईल. सहामाहीच्या दिवशी तर दहा जणींचा येईल. नियम म्हणजे नियम. जा."

मी आले. जिन्यात रडले, कारण रडायला तेवढीच जागा मोकळी असायची. पुढं ही गोष्ट कशी कोण जाणे वर्गात पोचली, आणि काही दिवस मुली मला "बैलांबरोबर जन्मलेली" म्हणून चिडवत होत्या. खरं सांगायचं तर ते दिवस त्यातल्या त्यात बरे गेले. चिडवायला तरी माझी आठवण व्हायची. मग त्यांना दुसरं काही सापडलं.

दहावीची परीक्षा झाली. वडील न्यायला आले ते एसटीनं, त्यामुळे ट्रंक आणि वळकटी मागंच राहिली. नव्या मुली यायच्या आत सामान हलवा, असा बाईंचा निरोप आला. एके दिवशी सकाळी माल घेऊन निघालेल्या टेम्पोत मी पुढं बसले. वडिलांनी मला बोळाच्या तोंडाशी सोडलं आणि म्हणाले, यार्डातलं उरकून येतो, तवर सामान खाली काढून ठिव.

सुट्टीतली शाळा मी कधी पाहिली नव्हती. अंगणात पानं पडलेली, फळ्यांवर परीक्षेचे बैठक क्रमांक तसेच. शिपाई गावी गेलेला. कार्यालयामागच्या खोलीत बाई राहायच्या हे मला ठाऊक होतं, पण त्या सुट्टीतही तिथंच असतील असं कधी डोक्यात आलं नव्हतं. त्यांचा स्टोव्ह पेटलेला होता आणि त्यावर एवढंसं पातेलं, एका माणसाच्या भाताचं. मला बघून त्यांनी पदर सारखा केला.

"ट्रंक न्यायला आलीस?"

"हो, बाई."

"पेपर?"

"गणित चांगलं गेलं."

"ते जाणारच," त्या म्हणाल्या. कौतुक म्हणायचं तर एवढंच. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाल्या, "आज एक जून."

टेम्पोत बसताना मला ते ठाऊक नव्हतं असं नाही.

"तुझा वाढदिवस."

"तो खोटा आहे, बाई."

"कागदावर खरा आहे. नियम म्हणजे नियम. चल."

त्यांनी स्टोव्ह बंद केला, चपला घातल्या आणि त्या पुढं चालू लागल्या. व्हरांड्यात आल्यावर माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरून अंगणात गेल्या. मी दोरीपाशी एकटी उभी राहिले. इतकी वर्षं जिच्याकडे बघत होते ती दोरी हातात घेतली तर ती तेलकट आणि मऊ होती, किती मुलींच्या हातांनी झाली असेल कोण जाणे. मी ओढली. हळूच वाजली. पुन्हा ओढली, जोरात. कौलांवरची कबुतरं उडाली. बोळापलीकडच्या खिडकीत कोणी आलं नाही. पेंडीच्या दुकानातलंही कोणी दचकलं नसावं.

मी वळून पाहिलं. मला वाटलं होतं बाई समोर, नेहमीच्या चौथऱ्यावर उभ्या असतील. चौथरा रिकामा होता. बाई अंगणाच्या टोकाला, टाकीपाशी उभ्या होत्या, हात जोडून. दहावीच्या रांगेत शेवटच्या जागी, ओल चुकवून, रांगेतून अर्धं पाऊल बाहेर.

ती माझी जागा होती.

पायऱ्या उतरून त्या अंगणातून मी चालत गेले. बघायला कोणी नव्हतं, फक्त बाई बघत होत्या, आणि मी जवळ येईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. मी पोचल्यावर त्या थोड्या सरकल्या. त्यांच्या चपला ओलीत गेल्या. मी माझ्या जागेवर उभी राहिले आणि त्यांनी प्रार्थना सुरू केली. इतक्या मुलींमध्ये त्यांचा आवाज मी कधी वेगळा ऐकला नव्हता. तो बारीक होता आणि वरच्या सुरात फाटत होता. मीही म्हणू लागले. एवढ्या अंगणात आम्हा दोघींचे आवाज कुठं जात होते कळत नव्हतं.

प्रार्थना संपली. बाईंनी हात खाली घेतले आणि रोजच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "वर्गात जा."

मी निघाले, दोन पावलं गेले आणि थांबले. मला जायला वर्ग राहिला नव्हता. बाईंच्याही ते तेव्हाच लक्षात आलं असावं. मी परत येऊन त्यांच्याशेजारी उभी राहिले. बाहेर बोळाच्या तोंडाशी वडिलांना घेऊन आलेल्या टेम्पोचा हॉर्न वाजेपर्यंत आम्ही दोघी तिथंच, रांगेत उभ्या होतो.