मागचं पान

थिएटरात उभं राहून पडद्याशी भांडणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे काका. आम्ही आळीतली पोरं काकांबरोबर माणगावला सुपरहिरोचा सिनेमा बघायला गेलो होतो. कॉमिकमध्ये ज्याचा उजवा हात कधीच तुटला होता, तो हिरो पडद्यावर दोन्ही हातांनी बस उचलत होता. काका उठले नि गरजले, "हात काय भाडेकरू आहे, गेला नि परत आला? मागचं पान बघा की जरा!" डोअरकीपरनं आम्हा सगळ्यांनाच बाहेर काढलं. बाहेर वडापाव खातानाही काकांच्या तोंडाचा पट्टा चालूच होता.

श्रीवर्धनच्या आमच्या आळीत त्यांचं नावच 'मागचं पान' पडलं होतं. सकाळी सुपारीची बाग बघायची आणि दुपारी ओसरीवर कॉमिकं वाचायची, एवढाच त्यांचा संसार. कुठल्या अंकात कोण मेला, कोण कुणाचा सावत्र भाऊ, सगळं तोंडपाठ. सिनेमावाल्यांबद्दल मात्र मनात निव्वळ तुच्छता. "कोट्यवधी खर्चून गावंच्या गावं पाडतात, पण आधीचा अंक वाचायला यांना सवड नाही," म्हणायचे. आणि खरंच नसते हो. नवा दिग्दर्शक आला की नवा बाप, नवी आई, नवं बालपण. गोष्ट आहे की धर्मशाळा?

तरी मी एकदा वाद घालायला गेलेच. म्हटलं, "काका, कलाकाराला थोडी मोकळीक नको का?"

"हवी ना. पुढचं पान कोरं आहे, त्यावर काय धुडगूस घालायचा तो घाल. पण मागच्या पानावर वाचणारा रडलेला असतो. त्याला खोटं पाडायचं नाही."

 

हाच कायदा त्यांनी आमच्यावरही लादला. गणपतीत मंडळाचं नाटक ते लिहायचे. दरवर्षी तोच वीर, आणि गोष्ट मागच्या वर्षीच्या पुढे. वीर व्हायचा सुतारांचा प्रकाश. वीराचे म्हातारे गुरुजी म्हणजे स्वतः काका, स्टेजच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेले. एका वर्षी प्रकाश पोफळीवरून पडला नि डावा हात प्लास्टरमध्ये गेला. काकांनी नाटकात वीराचा तो हातच तोडून टाकला. प्लास्टर दिवाळीआधी निघालं, पण नाटकातला हात काही परत मिळाला नाही. पुढे दरवर्षी प्रकाशचा डावा हात शर्टाच्या आत पाठीशी बांधायचा.

"काका, खाज येते हो."

"येऊ दे. वीर आहेस ना?"

प्रकाशचं लग्न झालं, टक्कल पडलं, तरी हात बांधलेलाच राहिला.

गेल्या मे महिन्यात काका बागेत पंप सुरू करायला गेले आणि तिथेच गेले. नाटक लिहायचं माझ्यावर आलं. मंडळाचा सेक्रेटरी नवी मुंबईत नोकरीला असतो. तो म्हणाला, "टेन्शन काय त्यात? कुणालातरी दाढी लावून बसव स्टुलावर. पब्लिकला फायटिंग पायजे बस. पिक्चरमध्ये बघ, मेलेले पण परत येतात." असल्या माणसांसाठीच ते सिनेमे निघत असावेत. मी साफ नाही म्हटलं.

लिहायला बसले तेव्हा मात्र मलाच ते मागचं पान टराटरा फाडावंसं वाटायला लागलं. गुरुजी कुठल्याशा गुहेत जिवंत आहेत, एवढं एक वाक्य लिहिलं की काम झालं असतं. सिनेमावाल्यांचा आयुष्यात पहिल्यांदा हेवा वाटला. खूप रडले, आणि मग लिहिलं, "गुरुजी गेले."

नाटकाच्या दिवशी स्टूल नेहमीच्या कोपऱ्यात रिकामं ठेवलं. प्रकाश त्याच्यासमोर आला. नमस्काराला त्याचा उजवा हात छातीशी गेला, आणि विंगेतून मला दिसलं, डावा हात शर्टाच्या आत धडपडत होता. गाठ सैलच असते, हिसडा दिला असता तर सुटली असती. सेक्रेटरी माझ्या कानाशी पुटपुटला, "सोडू दे ना यार, कोण बघतंय?"

प्रकाशनं हात सोडवला नाही. तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं स्टुलावर डोकं टेकलं.